पांढुर्ण्याची गोटमार : योग्य-अयोग्य ठरवायचे कशावर?

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने सावनेर मागे टाकून राज्याची सीमा ओलांडली की लोधीखेडा, सौंसर हा मुलूख लागतो. राज्य मध्य प्रदेश. पण बोली आणि सणवार बहुतांशी मराठी. सौंसर व पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याचे नाव देशभर गाजते ते मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि ते हस्तगत करण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. हीच गोटमार. दरवर्षी शेकडो जण जखमी होतात. आजवर अनेकांनी प्राणही गमावले आहेत.

ही प्रथा चालू राहावी की बंद व्हावी? या एका प्रश्नात तत्त्वज्ञानाच्या बहुतेक शाखा दडलेल्या आहेत. पांढुर्ण्याचा तरुण व सावरगावची तरुणी पळून जाताना नदीत दगडांना बळी पडले, ही आख्यायिका खरी कशावरून, हे विचारते ज्ञानमीमांसा. देवीचा कोप म्हणजे नेमके काय अस्तित्वात आहे, हा सत्ताशास्त्राचा प्रश्न. ‘पूर्वापार चालत आले, म्हणून योग्य’ या अनुमानातील फट तर्कशास्त्र दाखवते. मात्र ‘मग करावे काय?’ हे विचारण्याचे काम नीतिशास्त्राचे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

बेंथॅमने 1789 मध्ये मांडलेला उपयुक्ततावाद म्हणतो, परिणाम पाहा : एका पारड्यात सुख, दुसऱ्यात दुःख. एका दिवसाचा उत्साह विरुद्ध फुटलेली डोकी, हा हिशेब वरवर सोपा वाटतो. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. दुखापत टळेल आणि खेळही राहील, हा शुद्ध उपयुक्ततावादी तोडगा होता. लोकांनी तो झिडकारला. मला हा प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. लोकांना हवा असलेला आनंद धोक्यापासून वेगळा काढताच येत नसेल, तर बेंथॅमच्या तराजूत घालायचे तरी काय?

कांटचा मार्ग निराळा. त्याच्या 1785 च्या ग्रंथानुसार माणसाला, मग तो दुसरा असो वा आपण स्वतः, केवळ साधन म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे ‘मी स्वखुशीने उतरलो’ एवढे उत्तर त्याला पुरत नाही. मिल मात्र प्रौढाच्या स्वखुशीला मोठा मान देतो. मर्यादा एवढीच, की इजा दुसऱ्याला होऊ नये. पण भिरकावलेला दगड खेळाडू व बघ्या यांत भेद करत नाही, आणि काठावर लहान मुलेही असतात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त मिल व कांट या दोघांच्याही मतांची तपासणी आहे. हा वाद मराठीला नवा नाही, तो जिज्ञासूंनी तिथे अवश्य वाचावा.

तिसरी वाट अॅरिस्टॉटलची. तो कृतीपेक्षा माणूस पाहतो. धैर्य हा भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांमधला सद्गुण. गोटमारीत उतरणारा तरुण स्वतःला शूर समजतो; अॅरिस्टॉटल विचारील, हे शौर्य कशासाठी?

आपल्या गोव्याला हा वाद परका नाही. धीरयोंवर उच्च न्यायालयाने 1996 मध्ये बंदी आणली, तरी परंपरेच्या नावाने त्या पुन्हा सुरू करण्याची मागणी विधानसभेपर्यंत जाते. तिथे निदान एक गोष्ट निर्विवाद आहे : रेड्याला वा बैलाला कोणी संमती विचारलेली नसते. जामच्या पात्रात उतरणारे मात्र स्वतःच्या पायांनी उतरतात. म्हणूनच जमावबंदीचे आदेश निघूनही दगड थांबत नाहीत, आणि म्हणूनच गोटमारीचा प्रश्न धीरयोंहून अधिक अवघड आहे.