घाटातली गाडी आणि हजेरीपटावरचे नाव

इंदूरच्या मराठी घरांत साठीच्या आसपासच्या कोणाही माणसापाशी सहलीचा विषय काढावा, म्हणजे तो मांडू किंवा महेश्वर यांच्याही आधी घाटातल्या छोट्या गाडीचे नाव घेतो. महूपासून पातालपानी, तेथून कालाकुंड, मग चोरल, बलवाडा, बडवाह आणि नर्मदेचा पूल ओलांडून खंडवा, असा तिचा रस्ता. अकोल्याकडच्या मामा-मावश्यांना इंदुरास आणणारी आणि सुटीत आम्हां मुलांना वऱ्हाडात पोहोचविणारी हीच ती मीटरगेज गाडी. माळव्यात राहून महाराष्ट्राशी नाते टिकविण्याचे काम जेवढे आमच्या संस्थांनी आणि ग्रंथालयांनी केले, तेवढेच या गाडीनेही केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

हा लोहमार्ग होळकरांच्या पैशांतून झाला, याचा आमच्या वडीलधाऱ्यांना मोठा अभिमान असे. 1870 साली महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी या मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज शेकडा साडेचार आणि मुदत एकशे एक वर्षांची. पातालपानी आणि कालाकुंड यांच्यामधला घाट म्हणजे या मार्गाची खरी परीक्षा होय. साडेनऊ किलोमीटरांच्या त्या टप्प्यात चार बोगदे आहेत, वळणामागून वळणे आहेत, आणि चढ एकास चाळीस, म्हणजे चाळीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. एवढा चढ एका इंजिनाला झेपत नसे. म्हणून वर येणाऱ्या गाडीला कालाकुंडास मागून दुसरे इंजिन जोडीत. ते जोडले जाईपर्यंत गाडी स्थानकात उभी राही. या उभे राहण्यातच पुढची सारी हकीकत दडलेली आहे, म्हणून ते येथे सांगून ठेविले.

आमचे बालपण रामबागेतल्या एका वाड्यात गेले. वाड्यात नऊ बिऱ्हाडे, एक विहीर आणि सर्वांचा मिळून एक गणपती. श्रावणातला एक रविवार सहलीसाठी राखून ठेवलेला असे. येथे बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा केला पाहिजे. माळव्याचा ‘सावन’ आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि पंधरा दिवस आधी संपतो. त्यामुळे शेजारच्या घरी राखी झाली की आमच्या घरी श्रावण ऐन मध्यावर आलेला असे, आणि दोन्ही पंचांगांच्या सणांचा लाभ आम्हां मुलांना होई.

सहलीच्या पहाटे चार वाजता वाडा जागा होई. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचे लोणचे आणि दडपे पोहे हा डब्यांतला ऐवज. शिवाय एका पोत्यात गोवऱ्या आणि पिशवीत जाडसर कणीक. कारण महाराष्ट्रातून येऊन कितीही पिढ्या लोटल्या, तरी माळव्यातली गोठ बाफल्यांवाचून पुरी होत नाही, हे आमच्या आज्ज्यांनीही मान्य केलेले होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले बाफले तुपात बुडवून वरणाबरोबर खायचे, आणि वर ‘आमच्या देशावरच्या वरणाची चव निराळी हो!’ असा शेराही मारायचा, ही आमची खास इंदुरी रीत.

गाडी पातालपानीस थांबे. जवळच तंट्या भिल्लाचे ठाणे आहे. 1889 साली जबलपुरास फाशी गेलेल्या या वीराला मान दिल्याखेरीज गाडी घाट उतरत नसे. तेवढ्यात आमची आजीही हात जोडून घेई. मग उजवीकडे धबधब्याची दरी, बोगदा येताच मुलांची आरोळी, आणि खाली कालाकुंड. तेथे पळसाच्या पानावर कलाकंद मिळे. डब्याच्या खिडकीशी आमच्याच वयाची मुले भाजलेले भुट्टे घेऊन धावत. आमची काकू घासाघीस करी आणि रुपयाच्या वस्तूला बारा आणे देऊन विजयी मुद्रेने आत पाही. त्या मुलांचे चेहरे मात्र आम्हांला आठवत नाहीत. खरे सांगायचे तर आम्ही ते कधी पाहिलेच नव्हते.

पुढे आम्ही मराठीत एम.ए. झालो. ज्ञानेश्वरीवर व्याख्याने द्यावीत, एखाद्या महाविद्यालयात अध्यापक व्हावे, असे मनोरथ होते. परंतु त्याच सुमारास अप्पांची कापडगिरणी बंद पडली. सत्तावीस वर्षे तेथे हिशेबनीस म्हणून राबलेला माणूस एका सकाळी जेवणाचा डबा घेऊन गेला आणि तासाभरात भरल्या डब्यासह परत आला. घरात धाकटी बहीण लग्नाची. तेव्हा 1992 सालच्या जुलैत शासकीय माध्यमिक शाळेतल्या सहायक शिक्षकाची नेमणूक हाती पडली, ती आम्ही मुकाट्याने स्वीकारली. गाव घाटाखालचे, कालाकुंड स्थानकापासून चालत जाण्याजोगे. जी गाडी आजवर सहलीला नेत होती, तीच आता नोकरीवर नेऊ लागली. डबा तोच, पुऱ्याही त्याच. भूक मात्र निराळी.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. सहावी ते आठवी असे तीन वर्ग आणि आम्ही दोन शिक्षक. वडील शिक्षक शांत स्वभावाचे, निवृत्तीला टेकलेले. आम्ही तेवीस वर्षांचे आणि शिस्तीचे भोक्ते. शनिवारी दुपारी इंदुरास जावे, रविवारी संध्याकाळी परतावे, आणि उरलेले दिवस शाळेच्या कागदपत्रांना वळण लावावे, असा क्रम. हजेरीपटावर आमचा विशेष जीव. लाल शाईने गैरहजेरीच्या खुणा करताना आपण शिक्षणव्यवस्था सुधारीत आहोत, असा काहीसा भ्रम आम्हांला तेव्हा होता.

आठवीत एक मुलगा होता. त्याचे नाव येथे सांगत नाही. अंकगणितात तल्लख, अक्षर गोल, पण हजेरी वाईट. सावनातल्या एकाही सोमवारी तो शाळेत येत नसे. विचारले की खाली पाहून ‘बुखार था, सर’ एवढेच म्हणे. दर सोमवारीच येणाऱ्या या तापाचा आम्हांला संताप आला. आठवीची परीक्षा त्या वेळी मंडळाची होती. तिचा निकाल शाळेच्या माथी. 1993 सालच्या ऑगस्टमध्ये, लागोपाठच्या गैरहजेरीचे कारण दाखवून, आम्ही त्या मुलाच्या नावावर लाल रेघ ओढली. वडील शिक्षक एवढेच म्हणाले, “एक बार घर देख आते.” आम्ही ऐकले नाही.

त्यानंतरच्याच रविवारी वाड्याची सहल होती. अप्पांची नोकरी गेल्यापासून ते कोठे जात नसत. आईने आग्रहाने त्यांना आणले. आदल्या दिवशी इंदुरास गेलेले आम्हीही त्यांच्याबरोबरच निघालो. नदीकाठी बाफले झाले, गाण्यांच्या भेंड्या झाल्या. संध्याकाळी इंदूरकडे जाणारी गाडी आली. मंडळी डब्यांत बसली. आम्हांला सोमवारची शाळा असल्याने आम्ही फलाटावरच उभे राहिलो. मागचे इंजिन जोडायचे होते, म्हणून सर्वांना निवांत वेळ होता. इतक्यात भुट्ट्यांची टोपली घेऊन एक मुलगा काकूंच्या खिडकीशी आला.

रुपयाला दोन, असा त्याचा भाव. काकूंनी तीन मागितले. तो हसला आणि मान हलवून म्हणाला, नाही परवडत. काकूंना त्याचे बोलणे आवडले असावे. सहा भुट्टे निवडता निवडता त्यांनी विचारले, “क्यों रे, स्कूल जाता है कि नहीं?”

“जाता था,” तो म्हणाला. “अब नाम कट गया।”

त्या स्वरात तक्रार नव्हती. पाऊस पडला, गाडी उशिरा आली, तसे नाव कापले गेले. एवढे बोलून त्याने मान वळविली आणि त्याला आम्ही दिसलो. क्षणभर तो जागच्या जागी थिजला. मग निवडलेले सहाही भुट्टे त्याने काकूंच्या ओटीत टाकले आणि पैसे न घेताच रुळांपलीकडे पळून गेला. “अरे, पैसे!” काकू ओरडल्या. मंडळी हसली. आमच्याने हसवले नाही.

अप्पा पलीकडच्या खिडकीशी बसले होते. त्यांनी हाताने जवळ बोलाविले आणि अगदी हलक्या आवाजात विचारले, “तुझाच विद्यार्थी का?”

आम्ही होकार दिला.

“नाव तूच कापलेस?”

आम्ही पुन्हा मान हलविली. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे इंजिन जोडले गेल्याचा धक्का डब्यांतून सरकत पुढे गेला. मग ते म्हणाले, “गिरणीतही आमची नावे अशीच एका दिवसात कमी झाली. काम गेल्याचे तेवढे वाटले नाही. पण नाव कापण्याआधी घरी येऊन कोणी एका शब्दाने विचारले नाही, ते अजून विसरता येत नाही.”

गाडी सुटली. दोन इंजिनांचा घोष घाटात घुमत वर गेला. शेवटच्या डब्याचा लाल दिवा वळणाआड दिसेनासा झाला, तरी आम्ही फलाटावर तसेच उभे होतो.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी शाळेत न जाता आम्ही स्थानकावर गेलो आणि प्रथमच डोळे उघडे ठेवून पाहिले. ओंकारेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंनी गाडी ओसंडून वाहत होती. सावन सरला, तरी आमच्या श्रावणातल्या सोमवारांचीही गर्दी होतीच. जेवढी गर्दी मोठी, तेवढे भुट्टे अधिक खपत. आमच्या वर्गातली आणखी चार मुले तेथे धावताना दिसली. तो ‘सोमवारचा ताप’ कसला, हे कळायला तीन आणे बुद्धीही पुरली असती. आमच्यापाशी पदव्युत्तर पदवी होती, ती पुरली नाही.

संध्याकाळी त्याचे घर गाठले. लाकडे तोडताना बापाचा पाय मोडला होता आणि तो खाटेवर होता. यात्रेच्या दिवसांची कमाई हीच घराची आठवड्याची कमाई. भुट्ट्यांचे तीन रुपये आम्ही पुढे केले, तेव्हा त्याच्या आईने ते मोजून घेतले आणि पदराला बांधले. त्या मोजण्यात लाचारी नव्हती. चोख हिशेब होता. मग आम्ही पोराला सांगितले की उद्यापासून यायचे. तो आला. वडील शिक्षकांच्या संमतीने आम्ही लाल रेघेखाली त्याचे नाव पुन्हा लिहिले, आणि सावन-श्रावणातल्या सोमवारी शाळेची प्रार्थना गाडी गेल्यानंतर घ्यायची, असे दोघांत ठरविले. याचा लेखी आदेश कोठेही नव्हता. पण सोमवारची पटसंख्या वाढली.

येथे गोष्ट संपली असती, तर वाचकांना आणि आम्हांलाही बरे वाटले असते. तसे झाले नाही. दिवाळीनंतर ते कुटुंब कापूस वेचायला निमाडात खाली गेले आणि परीक्षेपर्यंत मुलगा परतला नाही. आठवी त्याची राहूनच गेली. आम्ही ते तीन आठवडे वाया घालविले नसते, तर त्याची गोडी टिकली असती का, हा प्रश्न आजही अधूनमधून छळतो. त्याची धाकटी बहीण आजीपाशी राहिली होती. ती पुढच्या वर्षी सहावीत आली आणि यथाकाल आठवी उत्तीर्ण झाली, एवढे समाधान पदरी आहे.

आता आम्ही एका शासकीय शाळेचे मुख्याध्यापक आहोत. अप्पा आणि काकू आज हयात नाहीत. वाडा पाडून तेथे सदनिका उभ्या राहिल्या आहेत. ब्रॉडगेजसाठी घाट टाळून नवा, लांबचा मार्ग आखण्यात आला, आणि 2023 सालच्या जानेवारीअखेर महू ते ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज गाडी कायमची थांबली. पातालपानी ते कालाकुंड या टप्प्यावर 2018 सालच्या डिसेंबरात पर्यटकांसाठी वारसा गाडी सुरू झाली होती. पण ती सहलीची, नित्याची नव्हे.

बंद होण्याच्या आधीच्या आठवड्यात सौभाग्यवती आणि कन्या यांना घेऊन आम्ही त्या गाडीने गेलो. कन्येचे मराठी बेताचेच. तरी बोगदा येताच तिने आरोळी ठोकली, ती अस्सल वाड्यातली होती. कालाकुंडास पळसाच्या पानावर कलाकंद घेतला. विकणाऱ्या वृद्धाला त्या मुलाविषयी विचारले. तो म्हणाला, पीथमपूरला कारखान्यात आहे, दिवाळीला येतो. “कुछ कहना है?” असेही त्याने विचारले. काय सांगावे, ते आम्हांला सुचले नाही. कन्येने भाव केला नाही, म्हातारा म्हणाला तेवढे पैसे दिले, हे मात्र आम्ही पाहिले.

आमच्या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की आम्ही त्याला फारसा उपदेश करीत नाही. हजेरीपट हाती देताना एवढेच सांगतो, की यातले कोणतेही नाव कमी करायचे असेल, तर आधी त्या घरी एकदा जाऊन यावे. आणि एकट्याने जाण्याचा संकोच वाटला, तर आम्ही बरोबर येऊ.