पिशवी काढायची का, हे तपासल्यावर ठरवा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, बाया उठायला लागल्या. एक जण मात्र मागे रेंगाळली. वय चौतीस. पिशवीतून सोनोग्राफीचा कागद काढला आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, गटातून तीस हजार मिळतील का? पिशवी काढायचीय."

मी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"दवाखान्यात सांगितलं. वर्षापासून अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरते. पिशवीला सूज आलीय म्हणाले. ठेवली तर कॅन्सर होईल."

"आतून तपासणी केली का गं?"

"नाही. पोटावरनं मशीन फिरवली." आणि मग ती जे बोलली, ते तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. "दोन लेकरं झाली, नसबंदी झाली. आता त्या पिशवीचं काय काम?"

आज तेवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे.

गर्भाशय म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो ती, साधारण मुठीएवढी असते. तिच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश असतात, डॉक्टर त्यांना ओव्हरी म्हणतात. पाळी पिशवीतून येते, पण पाळीचा कारभार बीजकोशांकडे असतो. तिथून जो रस रक्तात मिसळतो, तो हाडं घट्ट ठेवतो, हृदयाच्या रक्तवाहिन्यांना सांभाळतो, झोप आणि मन थाऱ्यावर ठेवायला मदत करतो. पिशवी काढताना पुष्कळदा बीजकोशही काढले जातात, आणि बाईला ते माहीतही नसतं. मग पस्तिशीतच अंगातून गरम वाफा येतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते, चिडचिड होते, पुढे हाडं ठिसूळ होतात. बीजकोश ठेवून नुसती पिशवी काढली तरी काही जणींचे बीजकोश ठरल्या वयाआधीच थकतात. म्हणजे लेकरं झाली की पिशवी रिकामी पडली, आता टाकून द्यावी, असा हा हिशेब नाही.

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. दिवाळीच्या आसपास कारखान्याचं धुराडं पेटलं की सोनईच्या शिवारात कोप्या पडतात. आपल्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बाया येतात, शेजारच्या बीडच्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसातही पहाटे फडात जायचं, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची, आंघोळीला आडोसा नाही, कपडा बदलायला जागा नाही. पाळीच नको, असं त्या बाईला वाटलं तर त्यात तिची चूक काय? २०१९ साली बीडची बातमी सगळीकडे गाजली. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायांमागे एक. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे हे प्रमाण साधारण तीन आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि तुम्हीच बघा. एका जिल्ह्यातल्या बायांच्या पिशव्या इतक्या खराब होतात, हे मला तरी पटत नाही. खराब आहे ते त्यांचं राहणं, आणि त्यांना मिळणारा सल्ला.

आता अंगावरून जाण्याकडे येऊ. थोडं पांढरं जाणं हा आजार नाही. दोन पाळ्यांच्या मध्ये चार दिवस अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं, तार सुटणारं, वास नसलेलं पाणी जातं. ते निरोगी बाईचं लक्षण आहे. दह्याच्या कवड्यांसारखं जात असेल आणि खाज असेल तर ती बहुधा बुरशी. करडं, मासळीसारखा वास येणारं असेल तर जंतूंचा समतोल बिघडलेला. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर शरीरसंबंधातून आलेला संसर्ग असू शकतो, आणि मग नवऱ्यानेही गोळ्या घ्याव्या लागतात. हे नवऱ्याला सांगणं अवघड जातं, मला माहीत आहे. पण एकटीने औषध घेतलं तर महिन्याभरात दुखणं परत येतं, आणि मग बाई म्हणते, "गोळ्यांनी गुण येत नाही, काढूनच टाका." सोबत ताप आणि ओटीपोटात दुखत असेल तर दोन दिवसही थांबू नका. संसर्ग वर नळ्यांपर्यंत गेलेला असू शकतो. या सगळ्यांवर गोळ्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक सरकारी दवाखान्यात मिळतात. दिलेला कोर्स मात्र पुरा करायचा.

एक सांगायचं राहिलं. साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी आतपर्यंत घालून धुऊ नका. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरे. पाळीचा कपडा वापरत असाल तर तो लुगड्याच्या खाली लपवून वाळवू नका, कडक उन्हात वाळवा.

आपल्या महाराष्ट्रात या दुखण्यांचा फार मोलाचा अभ्यास झाला आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची आतून तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. त्यातल्या कितीतरी जणींनी स्वतःहून काही तक्रारच सांगितली नव्हती. हे असंच असतं, असं समजून त्या जगत होत्या.

पुढे गोव्यात, हळदोण्याच्या भागात, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायांचा अभ्यास केला. तिथे वेगळंच दिसलं. अंगावरून पांढरं जातंय म्हणणाऱ्या बऱ्याच जणींच्या तपासणीत संसर्ग सापडला नाही. त्या तक्रारीचं नातं जास्त करून मनावरच्या ताणाशी आणि उदासीशी होतं. "ताकद गळून चाललीय" असं आपल्याकडच्या बाया म्हणतात ना, त्यात पोटाइतकंच मनाचंही दुखणं असतं. घरात भांडण, डोक्यावर उचल, जागरण, हे सगळं बाई एका वाक्यात सांगते, की अंगावरून जातंय. कारण हे सांगायला दवाखान्यात जाता येतं. सासू बोलते, रडू येतं, हे सांगायला कुठे जायचं? सांगायला जागा आहे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

या दोन अभ्यासांतून मी एकच गोष्ट घेतली. तक्रार न सांगणारीला आजार असू शकतो, आणि तक्रार सांगणारीला नसूही शकतो. तेव्हा नुसती तक्रार ऐकून किंवा नुसतं पोटावरून मशीन फिरवून पिशवीचा निर्णय होत नाही. आतून तपासायला हवं. लाज वाटते खरी. बाळंतपणातही वाटली होती. बरोबर आशाताईला न्या, बाई डॉक्टर मागा.

सोनोग्राफीच्या कागदावरच्या शब्दांना घाबरू नका. "पिशवी मोठी झालीय" असं लिहिलेलं असतं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठीच असते. "तोंडाला जखम आहे" म्हणतात. पुष्कळदा ती जखम नसतेच, पिशवीच्या आतलं लालसर अस्तर तोंडाशी दिसत असतं, इतकंच. तोंडाजवळचे बारीक पाण्याचे फोड बहुधा निरुपद्रवी असतात. पिशवीतल्या मांसाच्या गाठी, ज्यांना फायब्रॉईड म्हणतात, त्या पुष्कळ बायांना असतात. त्रास नसेल तर त्यांच्यावर नुसती नजर ठेवायची. पाळी बंद झाली की त्या बहुतेक आकसतात.

आणि कंबर? मोळ्या उचलणारी, खुरपायला दिवसभर वाकणारी, दोन हंडे आणणारी बाई, तिची कंबर दुखणार नाही तर काय होईल? पिशवी काढून ती कंबर थांबत नाही. ऑपरेशन झालेल्या कितीतरी जणी सहा महिन्यांनी येऊन मला म्हणाल्या आहेत, "सिस्टर, कंबर तशीच आहे."

कॅन्सरची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे खरोखर होतो. पण तो होऊ नये म्हणून सरसकट पिशव्या काढत सुटणं हा उपाय नाही. त्यासाठी तपासणी आहे. तोंडावर व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावतात आणि मिनिटभर थांबून बघतात. डाग पांढरा झाला तर पुढे तपासतात. मुंबईत टाटा हॉस्पिटलने वस्त्यांमधल्या दीड लाख बायांचा अभ्यास केला. ही तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या शिकलेल्या बाया होत्या. तरीही या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाले. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, सव्वा लाखाहून जास्त बायांचा अभ्यास झाला. तिथे या कॅन्सरच्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी त्या गटातले मृत्यू जवळपास निम्मे झाले. वय ३० ओलांडलेल्या प्रत्येकीने ही तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, तिथे नसेल तर कुठे होते ते आशाताईला शोधायला लावा. आणि ९ ते १४ वयाच्या मुलींना याची लस देता येते. लेकीसाठी, नातीसाठी तीही विचारून ठेवा.

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाणं, यातलं काही असेल तर मात्र उद्यावर ढकलू नका. माझं आजचं बोलणं ऐकून कुणी घरी बसून राहिलं, तर ते मला नको आहे.

ऑपरेशन लागतं, कधीकधी लागतंच. कॅन्सर असेल, गाठींमुळे इतकं रक्त जात असेल की औषधांनी थांबत नाही आणि बाई पांढरीफटक पडलीय, अंग पूर्ण बाहेर आलेलं असेल, बाळंतपणात रक्तस्राव काही केल्या थांबत नसेल, तर पिशवी काढून जीव वाचतो. तिथे घाबरायचं नाही. पण त्याच्या आधीचे टप्पे असतात. जास्त पाळी जाते त्यावर गोळ्या आहेत, औषध सोडणारी तांबीसारखी वस्तू पिशवीत बसवता येते. अंग थोडं खाली आलं असेल तर व्यायाम आहेत, रिंग बसवता येते. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आहेत. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी आहे, आणि तो थकवाही आपण पिशवीच्या नावावर टाकतो.

म्हणून डॉक्टरांना विचारायचं. भांडायचं नाही, विचारायचं. मला नेमका आजार काय, तो कागदावर लिहून द्या. ऑपरेशनच्या आधी कुठलं औषध करून बघता येईल? बीजकोश ठेवणार की काढणार? आणि मग तोच कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे, जमलं तर सरकारी दवाखान्यात जायचं. हा तुमचा हक्क आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली गरज नसताना पिशवी काढली जाऊ नये म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितल्या. गटांनाही माझं सांगणं आहे. पिशवीच्या ऑपरेशनसाठी कर्ज मागायला कुणी आलं तर नाही म्हणू नका, पण दुसऱ्या डॉक्टरचा कागद आहे का, एवढं विचारा. ऑपरेशन तातडीचं असेल, रक्त थांबत नसेल, तर कागदासाठी अडवायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

त्या चौतीस वर्षांच्या बाईला मी सरकारी दवाखान्यात नेलं. बाई डॉक्टरांनी आतून तपासलं. बुरशी होती. वर्षभर परत परत का होते म्हणून रक्त तपासलं, तर साखर वाढलेली. वर्षभर पिशवीच्या नावाने घाबरली आणि मधुमेह तिथेच अंगात बसलेला! पिशवी काढली असती तर तीस हजारांचं कर्ज झालं असतं आणि खाजही राहिली असती. आता तिचं साखरेचं औषध चालू आहे. कर्ज तिने घेतलंच, पण शेळ्यांसाठी.

मागच्या वेळी एका ताईंनी फोन करून विचारलं होतं, त्याचं उत्तर देते. त्या म्हणाल्या, "माझी पाच वर्षांपूर्वीच काढलीय, आता मी काय करू?" ताई, आधी त्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड शोधा आणि बीजकोश काढलेत का, हे कुणा जाणकाराकडून वाचून घ्या. काढले असतील आणि तुमचं वय पंचेचाळीसच्या आत असेल, तर सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोग डॉक्टरांना दाखवा. काही जणींना गोळ्या चालू कराव्या लागतात, ते त्या ठरवतील. दूध, ताक, नाचणी, तीळ खाण्यात ठेवा. सकाळच्या उन्हात बसा, रोज अर्धा तास चाला. शेतातलं काम वेगळं, चालणं वेगळं. वर्षातून एकदा बीपी आणि साखर बघा. वाफा येतात, रडू येतं, ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत, अंगातला रस कमी झाल्याने होतं, आणि त्यावर इलाज आहे. आणि पिशवीचं तोंड ठेवलेलं असेल, तर तोंडाची तपासणी तुम्हालाही करायची आहे. तेही त्या कार्डावर लिहिलेलं असेल.