७८६चा हिशेब आणि नमाजमधले शब्द

हैदराबादच्या जुन्या शहरात दुकानाच्या पाटीवर, रिक्षाच्या काचेवर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर ७८६ हा आकडा जागोजागी दिसतो. शेवटी ७८६ असलेल्या नोटा लोक जपून ठेवतात, आणि १९७५ सालच्या 'दीवार'मधला हमालाचा बिल्ला मराठी प्रेक्षकही विसरलेला नाही. या आकड्याभोवती दोन समज घट्ट रुजले आहेत. एक असा की तो कुराणातच सांगितलेला आहे. दुसरा असा की कुराणातल्या आणि नमाजमधल्या शब्दांच्या पोटी आकड्यांची गुप्त रचना दडलेली आहे आणि ती उलगडली की धर्माचे सत्य गणितानेच सिद्ध होते. पहिल्याचा निकाल लवकर लागतो. दुसऱ्याला मात्र शास्त्राचा आव असतो, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडून पाहायला हवा.

७८६ येतो 'अब्जद' पद्धतीतून. तिच्यात अरबी लिपीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते: अलिफ १, बे २, सीन ६०, मीम ४०, लाम ३०, असे करत गैनचे १०००. 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' लिहिताना येणाऱ्या अक्षरांची बेरीज १०२, ६६, ३२९ आणि २८९, म्हणजे एकूण ७८६. बेरीज अचूक आहे, पण ती करण्याचा वा बिस्मिल्लाहऐवजी आकडा लिहिण्याचा आदेश कुराणात नाही, हदीसमध्येही नाही. मुळात ही पद्धत इस्लामहून जुनी आहे. हिब्रू आणि ग्रीक लोक अक्षरांनीच संख्या लिहीत, अरबांनी तोच क्रम उचलला, आणि पुढे खगोलशास्त्राच्या कोष्टकांत अंश-कला मांडायला ही अक्षरे सर्रास वापरली गेली. आपल्याकडे आर्यभटाची अक्षरसंख्या आणि कटपयादी याच जातीच्या. आकडे लिहिण्याची सोय, एवढेच त्यांचे मूळ काम.

अब्जदचा खरा डौल पाहायचा तर तो हैदराबादमध्येच पाहावा. चारमिनारची तारीख सांगणारा शब्दबंध म्हणून 'या हाफिज' प्रसिद्ध आहे. अक्षरे मोजा: १०, १, ८, १, ८०, ९००. बेरीज बरोबर १०००. हिजरी १००० म्हणजे इ.स. १५९१-९२, मुहम्मद कुली कुतुबशहाने शहर वसवले तो काळ. निजामाच्या नाण्यांवर हैदराबादला 'फरखुंदा बुनियाद' हे बिरुद लावलेले आढळते, त्याची बेरीज १००६ येते. दोन्ही बेरजा निर्दोष आहेत, तरी त्यांत सहा वर्षांचे अंतर आहे, आणि शहर कधी उभे राहिले हे ठरवायला इतिहासकाराला इतर पुरावे लागतातच. यातली दिशा लक्षात घ्यावी. तारीख गुंफणाऱ्या कवीला वर्ष आधी ठाऊक असते आणि तो त्यात बसणारे शब्द शोधतो. गूढार्थ शोधणारा उलटा निघतो: शब्द समोर असतात आणि तो त्यांत बसेल असा आकडा शोधत जातो. पहिली कारागिरी आहे. दुसऱ्या कामात, न जमलेला प्रयत्न कुठेच नोंदवला जात नाही.

नमाजबद्दलचा सर्वांत गाजलेला दावा रशाद खलिफा यांचा. इजिप्तमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत राहिलेल्या या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९७४मध्ये जाहीर केले की कुराणाची सारी रचना १९ या संख्येवर उभी आहे. त्यांच्या पुराव्यांपैकी एक असा: फजर, जोहर, असर, मगरिब आणि इशा या रोजच्या पाच नमाजांच्या फर्ज (बंधनकारक) रकाती, म्हणजे आवर्तने, २, ४, ४, ३, ४, हे आकडे ओळीने लिहिले की २४४३४, आणि त्याला १९ने निःशेष भाग जातो. भाग खरोखरच जातो, १२८६ वेळा. पण शुक्रवारी जोहरच्या जागी जुम्याच्या दोन रकाती येतात. तेव्हा संख्या होते २२४३४ आणि बाकी उरते १४. प्रवासात चारच्या दोन रकाती होतात. २२२३२ला भागले तर बाकी २. इस्लामी दिनमान सूर्यास्ताला सुरू होते, म्हणून मगरिबपासून मोजले तर ३४२४४, बाकी ६. रकातींची साधी बेरीज १७, तिलाही १९ने भाग जात नाही. कोणता दिवस धरायचा, कुठून सुरुवात करायची, आकडे जोडायचे की मिळवायचे, हे सगळे माणसाने निवडले आहे, आणि जमलेली एकच निवड पुरावा म्हणून पुढे केली जाते.

नमाजच्या वाक्यांची गोष्टही तशीच. सजद्यातले, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवून म्हणायचे, 'सुब्हान रब्बियल आला' अब्जदने ४७५ होते, म्हणजे १९ गुणिले २५. रुकूतले, म्हणजे कमरेत वाकून म्हणायचे, 'सुब्हान रब्बियल अजीम' १३८४, भाग जात नाही. रुकूतून उठतानाचे 'समिअल्लाहु लिमन हमिदह' ४१३, त्यानंतरचे 'रब्बना लकल हम्द' ३८६; दोन्हींना भाग जात नाही. सजद्यातल्या वाक्याचे शेवटचे अक्षर 'ये'सारखे लिहितात पण उच्चारतात अलिफसारखे. उच्चाराप्रमाणे मोजले तर ४७५चे ४६६ होतात आणि तो योगही संपतो. उत्तर आफ्रिकेतल्या अब्जदमध्ये तर सीनची किंमत ६० नसून ३०० आहे. मोरोक्कोच्या या हिशेबाने बिस्मिल्लाहची बेरीज १०२६ होते. एकच पवित्र वाक्य, एकच धर्म, आणि संख्या दोन. शब्दांतच संख्या दडलेली असती, तर प्रदेश बदलल्यावर ती बदलली नसती.

यावर कोणी म्हणेल, इतके योगायोग जुळतात कसे? जुळतातच, कारण ते मुबलक असतात. 'अल्लाहु अकबर'ची बेरीज २८९ आहे, म्हणजे १७चा वर्ग, आणि रोजच्या फर्ज रकातीही १७. हा योग १९च्या सिद्धांताइतकाच देखणा आहे आणि त्यातून तितकेच सिद्ध होते: काहीही नाही. दुसरा आक्षेप असा की कुराणाच्या ७४व्या सूरहमध्ये १९चा उल्लेख आहेच. आहे, पण तो नरकाच्या रखवालदारांच्या संख्येचा आहे आणि पुढचीच आयत ती संख्या परीक्षेसाठी ठेवल्याचे सांगते. खलिफांचा हिशेब तर शेवटी जुळेना, तेव्हा त्यांनी नवव्या सूरहच्या अखेरच्या दोन आयती मुळात नव्हत्याच असे म्हणून आपल्या अनुवादातून वगळल्या. ग्रंथाच्या सेवेसाठी काढलेला आकडा ग्रंथालाच कात्री लावू लागला. माझ्या लेखी या सिद्धांतावरचा सर्वांत गंभीर आरोप हाच आहे, आणि मुस्लिम विद्वानांनी हा सिद्धांत ठामपणे फेटाळला याचे आश्चर्य वाटत नाही.

आकड्याला स्वतःचा धर्म नसतो, म्हणून तो कुणाच्याही हाती लागतो. 'हरे कृष्णा' उर्दूत लिहून अब्जदने मोजले तरी ७८६च येतात. देवनागरीतला ७८६ आरशात ॐसारखा दिसतो असेही सांगितले जाते. यातून दोन धर्मांचे मूळ एक ठरत नाही, तसेच कुणाची चोरीही ठरत नाही. म्यानमारमध्ये मात्र हाच खेळ विखारी झाला. तिथे मुस्लिम दुकानदार हलाल अन्नाची खूण म्हणून ७८६ लिहीत. तिथल्या मुस्लिमविरोधी '९६९' चळवळीच्या प्रचारकांनी ७, ८ आणि ६ मिळवून २१ केले आणि एकविसाव्या शतकात मुसलमान देश बळकावणार असा त्याचा अर्थ लावला. बिस्मिल्लाहच्या खुणेतून कटाचा पुरावा काढणारी रीत आणि रकातींतून चमत्कार काढणारी रीत एकच आहे.

मग हैदराबादच्या पत्रिकेवरचा ७८६ चुकीचा का? अल्लाहचे नाव असलेला कागद पायदळी जाऊ नये या अदबीपोटी ही प्रथा पाळली जाते आणि त्या भावनेचा मान राखायलाच हवा. अनेक मुफ्ती एवढेच बजावतात की आकडा बिस्मिल्लाहची जागा घेत नाही, वाक्य म्हणण्याचे पुण्य तो लिहिल्याने मिळत नाही. जेवणाआधी तोंडाने बिस्मिल्लाहच म्हटली जाते, ७८६ कुणी म्हणत नाही. नमाजमध्येही रुकूतले वाक्य आणि सजद्यातले वाक्य किमान तीन-तीनदा म्हणण्याची सुन्नत आहे. एकाची बेरीज १९च्या पटीत बसते आणि दुसऱ्याची बसत नाही, तरी दोन्ही सारख्याच आदराने म्हटली जातात.