चढावर थांबलेली गाडी मागे न जाऊ देता कशी काढायची?



आपल्या गटांमध्ये आता गाडी चालवणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. कुणाच्या घरी जुनी कार आहे, कुणाच्या गटाने माल नेण्यासाठी पिकअप घेतली आहे. लायसन्स आहे, सपाट रस्त्यावर हात बसलेला आहे. पण घाट आला की स्टिअरिंग नवऱ्याकडे, दिराकडे नाहीतर रोजंदारीच्या ड्रायव्हरकडे जातं. ड्रायव्हरची हजेरी मग मालाच्या नफ्यातून कापली जाते. आणि रात्री-अपरात्री वाडीवरून कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर गाडी दारात आणि चालवणारं कुणी नाही, अशी गत होते.

या भीतीचं कारण बहुतेकींचं एकच असतं: "चढावर थांबले आणि गाडी मागे गेली तर?" ही भीती खोटी नाही. पण यात धाडसाचा भाग कमी आणि क्रमाचा जास्त आहे. आधी इंजिनाने गाडीचा भार घ्यायचा आणि मगच ब्रेक सुटायचा. एवढा एक क्रम पायात आणि हातात बसला की चढ सुटला म्हणून समजा.

गाडी मागे का येते?

दहा फूट पुढे गेल्यावर रस्ता एक फूट वर चढतो, असा चढ घ्या. माणसांसह गाडीचं वजन 1200 किलो असेल, तर अशा चढावर ती साधारण 120 किलोच्या जोराने मागे ओढली जाते. म्हणजे क्विंटलच्या पोत्यापेक्षा जास्त. मालासह 3000 किलो भरणारी पिकअप असेल तर हाच जोर 300 किलोच्या घरात जातो. मोठ्या घाटरस्त्यांची आखणी करताना चढ शक्यतो वीस फुटांत एक फूट एवढाच ठेवतात. वाडी-वस्तीवर जाणारे जोडरस्ते मात्र कितीतरी खडे असतात. म्हणून घाट नीट पार होतो आणि घराजवळच्या चढावर गाडी बंद पडते, यात नवल नाही.

गाडी उभी असताना हा जोर ब्रेक धरून ठेवतो. निघताना तो इंजिनाला पेलावा लागतो. या दोघांच्या मध्ये असतो क्लच. क्लच पूर्ण दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. तो हळूहळू सोडत आणला की एका जागी पकड सुरू होते. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. ब्रेक या पकडीच्या आधी सुटला तर गाडी मागे येते. क्लच एकदम सोडला तर इंजिनावर अचानक भार येऊन ते बंद पडतं. सगळी मेख या दोन्हींच्या मधल्या क्षणात आहे.

पकड ओळखायची कशी?

कान आणि पाय, दोन्ही सांगतात. इंजिनाचा आवाज थोडा जड होतो, गाडीत बारीक थरथर जाणवते, पुढचं बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो, त्यामुळे दुसऱ्याची गाडी घेतली की आधी सपाट जागेवर दोन-तीनदा पकड शोधून बघा.

हॅन्डब्रेकची पद्धत

खड्या चढावर आणि माल भरलेल्या गाडीला हीच पद्धत भरवशाची.

1. थांबताना पायाचा ब्रेक आणि क्लच दाबा. गाडी थांबली की हॅन्डब्रेक पूर्ण ओढा. मग पायाचा ब्रेक हळूच ढिला करून बघा. गाडी जागची हलली नाही म्हणजे हॅन्डब्रेकने धरलं.

2. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. दुसऱ्या गिअरमध्ये चढावरून निघायचा प्रयत्न करू नका.

3. तिन्ही आरशांत बघा. मागे मोटारसायकल, माणूस, गुरं नाहीत ना याची खात्री करा.

4. उजव्या पायाने एक्सिलेटर हलका द्या, सपाटीपेक्षा थोडा जास्त, आणि तो तसाच धरा. आरपीएमचा काटा असेल तर 1500 ते 2000 च्या दरम्यान ठेवा.

5. आता क्लच हळू सोडत आणा. आवाज जड झाला, गाडी पुढे ओढ घ्यायला लागली, की डावा पाय तिथेच थांबवा.

6. हॅन्डब्रेकचं बटण दाबून तो हळूहळू खाली न्या. पकड बरोबर असेल तर गाडी जागेवर राहील किंवा पुढे सरकेल. मागे झुकतेय असं वाटलं तर हॅन्डब्रेक परत ओढा, पायाचा ब्रेक आणि क्लच दाबा आणि पहिल्यापासून सुरू करा. त्यात कमीपणा काही नाही.

7. गाडी पुढे निघाली की एक्सिलेटर वाढवत क्लच पूर्ण सोडा आणि डावा पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवा.

नुसत्या पायाच्या ब्रेकवर

चढ हलका असेल तर हॅन्डब्रेकशिवायही जमतं. उजवा पाय ब्रेकवर ठेवून क्लच पकडीपर्यंत आणा. गाडी थरथरली की ब्रेकवरचा पाय झटकन एक्सिलेटरवर न्या. डावा पाय मात्र तेवढा वेळ हलवायचा नाही. डिझेल गाडीला हे सोपं जातं, कारण तिला कमी आरपीएमलाही जोर असतो. पेट्रोल गाडी इथे लवकर बंद पडते. काही नव्या गाड्यांना ब्रेक सोडल्यावर दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवायची सोय असते. ती असली तरी हॅन्डब्रेकची सवय सोडू नका, उद्या दुसरी गाडी हातात आली तर अडायला नको.

गाडी मागे जायला लागली तर

ब्रेक आणि क्लच, दोन्ही पूर्ण दाबा. आधी गाडी थांबवा. घाबरून एक्सिलेटर जोरात दाबला आणि क्लच सोडला, तर गाडी बंद पडेल नाहीतर पुढच्या गाडीवर जाऊन आदळेल.

इंजिन बंद पडलं असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ब्रेक एकदाच दाबून धरून ठेवायचा. पुन्हा पुन्हा सोडून दाबायचा नाही. इंजिन चालू असताना ब्रेकला जी मदत मिळते, ती इंजिन बंद पडल्यावर दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच उरते. त्यानंतर पेडल दगडासारखं घट्ट होतं. ब्रेक धरूनच हॅन्डब्रेक ओढा, क्लच दाबून गाडी चालू करा आणि परत क्रमाने निघा. मागून कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे.

क्लचवर गाडी तोलून धरू नका

रांगेत उभं असताना काही जण ब्रेक न लावता हाफ क्लच आणि एक्सिलेटरवर गाडी चढावर तोलून धरतात. बघायला हुशारी वाटते, पण तेवढा वेळ क्लचप्लेट घासत असते. जळका वास आला म्हणजे प्लेट तापली. ती बदलायला हजारोंचा खर्च येतो आणि गाडी दोन दिवस गॅरेजला अडकते ती वेगळीच. थांबायचं तर हॅन्डब्रेक ओढायचा. पुढच्या ट्रकपासूनही निदान एका गाडीचं अंतर ठेवा, कारण तोही मागे येऊ शकतो.

दगडाची ओट

माल भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकाला दगड लावायची आपली रीत चांगली आहे. पण दगड लावणाऱ्याने चाकाच्या बाजूला उभं राहायचं, गाडीच्या मागे कधीच नाही. दगड हाताने ओढायचा तो गाडी पुढे सरकून थांबल्यावरच. आणि गाडी निघाली की दगड रस्त्यातून उचलायचाच. तिथेच राहिलेला दगड अंधारात दुचाकीवाल्याचा जीव घेतो.

चढावर गाडी लावून जाताना

हॅन्डब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. स्टिअरिंग दरडीच्या बाजूला वळवून ठेवा, म्हणजे गाडी सुटलीच तर दरडीला अडेल, दरीत जाणार नाही. चालक जागेवर नसताना गाडी आपोआप हलणार नाही अशी सोय करणं हे मोटार वाहन कायदा, 1988 नुसारही बंधनकारक आहे.

साडी, चप्पल आणि सीट

याबद्दल ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फारसं कुणी बोलत नाही. साडीच्या निऱ्या आणि ओढणीचं टोक पेडलपासून दूर खोचून घ्या. सुटी, घसरणारी चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट बरे. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. उंची कमी असेल तर पाठीमागे घट्ट उशी ठेवा. पाय पोचत नसेल तर क्लच अर्धाच दबतो, आणि मग दोष आपल्या हिमतीला दिला जातो.

सराव कसा करायचा?

पहिले दोन-तीन दिवस सपाट मैदानावर: एक्सिलेटर न देता, फक्त क्लच हळू सोडून गाडी पुढे न्यायची आणि थांबवायची. असं वीस-पंचवीस वेळा. मग वर्दळ नसलेला हलका चढ, शेजारी जाणतं माणूस, मागे कुणी नाही. तिथे हॅन्डब्रेकची पद्धत. त्यानंतर खडा चढ, आणि शेवटी माल भरून. रिकाम्या पिकअपवर शिकलेला अंदाज भरलेल्या गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही. पावसात शेवाळलेल्या किंवा चिखलाच्या चढावर चाक जागेवर फिरायला लागलं तर एक्सिलेटर वाढवू नका, कमी करा.

सरावाआधी हॅन्डब्रेक तपासा. हलक्या चढावर गाडी न्यूट्रल करून हॅन्डब्रेक ओढा, मग पायाचा ब्रेक सावकाश सोडा. गाडी सरकली तर आधी मेकॅनिककडे न्या.

लायसन्स काढायचं असेल तरी हे शिकावंच लागेल. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये चालक परीक्षेसाठी जी कौशल्यं दिली आहेत, त्यात चढावर थांबून गाडी मागे न जाऊ देता पुन्हा निघणं हेही आहे. आणखी एक हक्काची गोष्ट: अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर आलात, तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असा नियम आहे. उतरणाऱ्याने थांबायचं. समोरचा डोळे वटारतो म्हणून चढावरून गाडी मागे घेऊ नका. हॅन्डब्रेक ओढा, शांत बसा, त्याला वाट द्यायला सांगा.

ज्या गटांकडे गाडी आहे त्यांनी एका बैठकीनंतर अर्धा तास यासाठी ठेवावा. किमान दोघींना चढावरून गाडी काढता यायला हवी. एकीला ताप आला तर दुसरी बाजार गाठेल, आणि गटाचा माल ड्रायव्हरची वाट बघत दारात पडून राहणार नाही.