विसाचे अडीच कसे झाले?



माझे एक स्नेही खेड्यातल्या शाळेवर मुख्याध्यापक आहेत. शाळेने इंटरनेटची जोडणी घेतली, वीस मेगाबिट वेगाची. पहिल्याच दिवशी त्यांनी विज्ञानाच्या पाठाची फिल्म उतरवून घ्यायला लावली, तर पडद्यावर वेग दिसला अडीच! मास्तर संतापले. "विसाचे पैसे घेतात आणि अडीच देतात," अशी कडक तक्रार त्यांनी लिहून काढली. सही करण्यापूर्वी ती मला दाखवली, हे बरे झाले. कारण वीसही खरे होते आणि अडीचही खरे होते.

हे कसे काय, म्हणाल. भाव मणाचा सांगावा आणि माल शेराने मोजावा, तसाच हा प्रकार आहे. मणाचे शेर चाळीस, हे आपल्या आजोबांना तोंडपाठ असे. म्हणून बाजारात त्यांचा घोटाळा होत नसे. इथे पाठ करायचं ते एवढंच : आठ बिट म्हणजे एक बाइट.

बिट म्हणजे एक खूण. शून्य तरी, नाहीतर एक तरी. दिवा लागलेला किंवा विझलेला, तसे. हा शब्द छापून आला तो क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या निबंधात. अशा आठ खुणांचा गट म्हणजे बाइट. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते; आपल्या देवनागरीच्या एका चिन्हाला आज रूढ असलेल्या पद्धतीत तीन बाइट लागतात.

तारेतून खुणा एकामागून एक धावतात, म्हणून तारेचा वेग बिटांत सांगण्याची चाल पडली. साठवणीचे माप मात्र बाइटांत होते. जाहिरातीत मेगाबिट आणि फाइलवर मेगाबाइट, ते यामुळे. इंग्रजीत लिहिताना बिटाला धाकटा बी आणि बाइटाला थोरला बी वापरतात. डोळ्यांना फरक एवढासा, हिशेबात आठपट!

आता उदाहरण करून पाहू. फिल्म आहे ६०० मेगाबाइटची. वेग सेकंदाला २० मेगाबिट. वीसला आठाने भागा, आले अडीच मेगाबाइट. सहाशेला अडीचने भागा : २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटे. हीच फिल्म १०० मेगाबिटच्या तारेवर ४८ सेकंदांत येईल. आपल्या देशात २०२३ साली ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ मेगाबिट वेग हवा, असे ठरले. तेवढ्याच वेगावर तिला २,४०० सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटे लागतील. एक तास तेवढ्यातच संपला की नाही?

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वेग सांगताना किलो म्हणजे हजार आणि मेगा म्हणजे दहा लाख. फाइल मोजताना काही यंत्रे हजाराऐवजी १,०२४ धरतात; त्यामुळे मेगाबाइटमध्ये सुमारे पाच टक्क्यांचा फरक पडतो. दुसरे असे, की पत्राबरोबर पाकिटाचेही वजन भरते. माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर नावपत्ता असतो, त्यात थोडा वेग खर्च होतो. शिवाय एकाच तारेवर चार वर्ग बसले, तर पाणी चार नळांना वाटले जाणारच.

म्हणून तक्रार करण्याआधी बाकीची यंत्रे बंद करा, दोनतीन वेळा वेग मोजा, आकडा बाइटांत असेल तर आठाने गुणा, आणि मग करारातल्या आकड्याशी ताडून पाहा.

मास्तरांनी ती तक्रार फाडली आणि हेच गणित सातवीच्या फळ्यावर घातले. पुढे चार महिन्यांनी मुलांनीच त्यांना बोलावून दाखवले, की पडद्यावर आकडा एकच आहे. एक गुणिले आठ, आठ मेगाबिट, हवेत वीस. तीन दिवस मोजून त्यांनी नवी तक्रार लिहिली. तीत रागाचा एक शब्द नव्हता, नुसते आकडे होते. या खेपेला मी म्हटलं, "मास्तर, खुशाल सही करा."