जुन्या पिकअपची पट्टी: आधी दार, मग दोरा

टेल्कोने १९८८ साली बाजारात आणलेल्या टाटामोबाइलसारख्या जुन्या पिकअपवर भोर-वेल्ह्याच्या मुसळधार पावसाचा घाव बहुधा दर्शनी पट्टीमागे बसतो. कारण ही पट्टी, म्हणजे गॅरेजच्या बोलीतली बीडिंग, जिथे क्लिपांनी बसवलेली असते तिथे भोकाच्या उघड्या कडेवर रंग टिकत नाही आणि पाणी पत्र्यात मुरते. त्यामुळे पट्टी उतरवल्यावर कडा घासून त्यांवर जस्तयुक्त प्रायमर लावणे हेच खरे काम होय, चकाकी नंतरची.

पट्टी सरळ बसण्यासाठी आधी बिजागऱ्या तपासाव्या लागतात, कारण खाली झुकलेले दार जागेवर आणल्याशिवाय त्यावरील पट्टी मडगार्डवरील पट्टीशी कधीच जुळत नाही. मग दारे बंद ठेवून मडगार्डपासून मागच्या हौद्यापर्यंत दोरा ताणावा, त्या रेषेत मास्किंग टेप चिकटवावी आणि पट्टी मधल्या क्लिपपासून टोकांकडे तळहाताने दाबत न्यावी. क्लिपऐवजी दुतर्फी टेप वापरल्यास पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास कोरडी हवा हवी, तेव्हा हे काम आषाढात काढू नये. पट्टी ॲल्युमिनियमची असल्यास स्क्रूखाली रबरी चकती घालावी, कारण दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना भिडले की त्यांपैकी एक झपाट्याने झिजतो.