मीटर बरोबर, पानं पिवळी

बाल्कनीत टब ठेवून पालक आणि लेट्यूस वाढवणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : द्रावणाचा ईसी १.६ च्या खाली जाऊ देत नाही, तरी कोवळी पानं पिवळी का पडतात? शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट, असं त्यांनी कळवलंय आणि उत्तर त्यातच आहे. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. लोहाची अशी हलवाहलव झाडाला जमत नाही. शेंडा पिवळा पडतोय म्हणजे लोह मिळत नाहीये.

मग मीटर गप्प का? ईसी मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच सांगतो. वाण्याच्या बिलावरची शेवटची रक्कम असावी तसा हा आकडा : एकूण कळतं, पण त्यात डाळ किती नि साखर किती ते नाही. झाडं नायट्रेट, स्फुरद, पालाश भराभर उचलतात, कॅल्शियम आणि गंधक बरंचसं मागे राहतं. वरून बोअरचं पाणी ओतलं की सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट साठू लागतात. आकडा १.६ च राहतो, माल मात्र बदललेला असतो. लोह तर लिटरला जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम. ते गेलं तरी काटा हलत नाही.

ते जातं पीएचमुळे. नायट्रेट आत घेताना मुळं भाराचा हिशेब जुळवायला बायकार्बोनेट बाहेर सोडतात आणि पीएच चढत जातो. साडेसहाच्या पुढे गेला की ईडीटीए या रसायनात बांधलेलं लोह सुटून तळाशी बसायला लागतं. तेव्हा आधी पीएच तपासा आणि ५.५ ते ६.५ मध्ये आणा. खतं घालायची घाई त्याआधी नको.

यातलं बरंच १९३८ सालच्या एका पुस्तिकेच्या आधारे समजावता येतं, म्हणून तिच्याबद्दल लिहायचा मोह आवरत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विल्यम गेरिके यांनी पाण्यावर पंचवीस फुटी टोमॅटोचे वेल वाढवले आणि वर्तमानपत्रांनी शेतीचं भविष्यच जाहीर करून टाकलं. लोकांच्या चौकशा वाढल्या. तेव्हा त्याच विद्यापीठातल्या डेनिस होगलंड आणि डॅनियल अर्नन यांनी शांतपणे तुलना केली. ऊन, हवा सारखी असेल तर चांगली मातीही पाण्याइतकंच पीक देते, असं त्यांनी त्या पुस्तिकेत लिहिलं. लोह अधूनमधून पुन्हा घालावं लागतं, हेही. त्यांनी दिलेल्या द्रावणाच्या दुसऱ्या कृतीत थोडं नत्र अमोनियमच्या रूपात आहे. ते घेताना मुळं आम्ल सोडतात आणि पीएचला लगाम बसतो. किती सुंदर तोडगा! पुढच्याच वर्षी अर्नन आणि पेरी स्टाउट यांनी अतिशुद्ध द्रावणात टोमॅटो वाढवून मॉलिब्डेनम अत्यावश्यक असल्याचं दाखवलं. लिटरला मिलिग्रॅमचा शंभरावा भाग पुरेसा होता. होगलंड यांचं नाव आज द्रावणाला चिकटून राहिलंय, पण त्यांचा सावध निष्कर्ष विसरला गेला. मातीविना शेतीच्या जाहिरातींतले 'कित्येक पट उत्पन्न'चे दावे वाचताना तो हाताशी असावा असं मला मनापासून वाटतं.

टाकीचं म्हणाल, तर पातळी उतरली आणि ईसी चढला तर झाडांनी पाणी जास्त प्यायलंय. साधं पाणी घाला. पातळीसोबत ईसीही उतरला तर खत द्या. तरीही दोन-तीन आठवड्यांनी टाकी पूर्ण रिकामी करून नवं द्रावण भरायला पर्याय नाही. जुनं कुंड्यांना घालता येतं. खताच्या ए आणि बी बाटल्या एकमेकींत ओतू नका, आधी पाण्यात एक विरघळू द्या. कॅल्शियम नायट्रेटमध्ये मॅग्नेशियम सल्फेट किंवा ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशचं खत मिसळलं की घट्ट द्रावणात पांढरा साका बसतो, हे नाशिकचा ठिबकवाला द्राक्षबागायतदार कुणालाही सांगेल.

मे महिन्यात खरी काळजी उष्णतेची. २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. आणि नेमकी तेव्हाच मुळांची गरज वाढते. मुळं तपकिरी, बुळबुळीत होऊन वास येऊ लागला तर ती पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूची कूज समजा. पारदर्शक टबात शेवाळही माजतं. टब अपारदर्शक हवा, सावलीत हवा आणि शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणारा छोटा एअर पंप दिवसरात्र चालू हवा.